गादी कोणी भिजवली?

कल्याण सोडले की कर्जतच्या मार्गावर पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. त्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात घडलेली ही हकीगत आहे. घरात ८१ वर्षांचे आजोबा, ७६ वर्षांच्या आजी, नोकरी करणारे मुलगा व सून, महाविद्यालयात जाणारा नातू आणि १५ वर्षांची एक मांजर. माणसांची नावे देत नाही. मांजरीचे मात्र द्यायला हरकत नाही, कारण मनी या नावावरून कोणाचेच घर ओळखता येणार नाही. कुटुंबाच्या संमतीनेच हे लिहीत आहे, आणि ती संमती सर्वांत आधी आजोबांनी दिली, हे पुढचे वाचताना आपण ध्यानात ठेवावे.

मनीने गेल्या पावसाळ्यापासून ठरलेली जागा सोडली होती. कधी न्हाणीघराच्या दाराशी, कधी पायपुसण्यावर, कधी घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवर ओल सापडू लागली. पुढे आजोबांची गादीही पहाटे ओली दिसू लागली आणि घरातील संयम संपला. पावसाळ्यात कापसाची गादी भिजली की ती चार-चार दिवस वाळत नाही आणि दोन खोल्यांच्या घरात तो वास कुठेही लपत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

एका रविवारी जेवणे झाल्यावर विषय निघाला. मुलगा म्हणाला, "आई, मी तिला मच्छी मार्केटला सोडून येतो. तिथं उपाशी तर मरणार नाही." आजी म्हणाल्या, "अरे, पंधरा वर्षं घरात राहिली ती. तिथं तिला कोण ओळखतं?" पुण्याला दिलेल्या मुलीने फोनवरून सांगितले की डॉक्टरांकडून एक इंजेक्शन देऊन तिला शांतपणे जाऊ द्यावे. नातवाने मोबाइलवर नव्या प्रकारचा ट्रे दाखवायला सुरुवात केली. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच म्हणाल्या, "आई, तुमची माया मला दिसते. पण पहाटे चादर मी धुते आणि सात चाळीसची गाडीही मीच पकडते."

आजोबा काहीच बोलले नाहीत. वर्तमानपत्र वाचत राहिले.

सूनबाईंच्या त्या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. घरात एखाद्या म्हाताऱ्या जिवावरून मतभेद होतात तेव्हा आपण त्याला प्रेमळ आणि निष्ठुर यांच्यातील भांडण समजतो. बहुतेक वेळा ते तसे नसते. माया करणारा एक असतो, पुसणारा दुसरा असतो आणि निर्णय सांगणारा तिसराच, तोही पुष्कळदा दूरगावी असतो. पुसणाऱ्याची चिडचिड ऐकून न घेता त्याला भूतदया शिकवू नये. ज्येष्ठ वाचकांना हे जरा कठोर वाटेल, पण आपली लाडकी मांजर घरात राहावी असे वाटत असेल, तर दिवसाकाठी तिच्यासाठी कोण किती वेळा वाकते, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

आता मनीकडे येऊ. पंधरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या पंचाहत्तरीच्या आसपासची. मांजर 'मुद्दाम' करते, 'राग काढते', 'सूड घेते' असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात मांजर ही स्वच्छतेची इतकी पक्की की तिने आपली जागा सोडली तर तिच्या शरीरात किंवा त्या जागेत काहीतरी बिघडले आहे, असेच आधी धरून चालावे. मनीच्या बाबतीत दोन्ही बिघडले होते.

जागेचे आधी सांगते. अनेक वर्षे गॅलरीत एक पसरट घमेले होते, त्यात बारीक रेती. गॅलरीत धुलाईयंत्र आले तेव्हा घमेले गेले आणि त्याच्या जागी झाकणाचा, उंच कडांचा प्लॅस्टिकचा डबा आला. रेतीऐवजी सुगंधी दाणे आले. माणसाला हे सुधारल्यासारखे वाटते. मांजरीच्या बाजूने पाहू या. तिला आधी गॅलरीचा उंबरठा चढायचा, मग डब्याच्या वीतभर कडेवरून आत जायचे, आत वळायला जागा नाही, वासाने नाक भरून येते आणि त्यातच शेजारचे यंत्र एकाएकी घरघरू लागते. बारा वर्षांवरील मांजरांच्या क्ष-किरण तपासणीच्या एका प्रसिद्ध अभ्यासात दहापैकी नऊ मांजरींत सांध्यांची झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ती उंच उड्या मारणे सोडते, अंग चाटणे कमी करते, पाठीवरचे केस गुंतू देते आणि चढायला दुखते ती जागा टाळते. आपण त्याला आळस म्हणतो.

शरीराचे कारण तपासणीत कळले. मनी पूर्वीपेक्षा पुष्कळ पाणी पीत होती. आजींना ते दिसले होते, पण उकाडा आहे म्हणून पिते, असे त्यांना वाटले. मांजरीचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. त्यामुळे कमी पाण्यावर भागवून दाट, थोडी लघवी करणे हा तिचा स्वभाव. मूत्रपिंडे थकली की दाटपणा आणण्याची ही शक्ती जाते. मग लघवी पातळ आणि खूप होते, तितके पाणी प्यावे लागते, आणि दिवसातून एकदा साफ होणारा डबा अपुरा पडतो. वयस्क मांजरींत मूत्रपिंडाचा हा जुनाट विकार फार आढळतो. मधुमेह, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, रक्तदाब, मूत्राशयाचा दाह आणि बद्धकोष्ठ ही इतर कारणे. रक्त आणि लघवी यांची साधी तपासणी व रक्तदाब एवढ्याने यांतील बहुतेकांचा माग लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आता लहान प्राण्यांचे पशुवैद्य आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तेथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. लोकलने जायचे असेल तर दुपारची वेळ धरावी आणि टोपलीवर जुनी चादर घालावी. सकाळच्या गर्दीत म्हाताऱ्या मांजरीला नेणे हा तिचाही छळ आणि आपलाही.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नसते. मांजर, विशेषतः बोका, पुनःपुन्हा लघवीला बसतो, कळवळतो आणि थेंबच येतो किंवा काहीच येत नाही, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत त्यात प्राण जातो. तेव्हा घरात चर्चा करू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्याकडे न्यावे.

मच्छी मार्केटचा पर्याय किती घरांत सुचतो याची मला कल्पना आहे. आपल्याकडे म्हणतात, मांजर माणसाला नव्हे, घराला धरून असते. मग घरच काढून घेतले तर तिच्याजवळ उरते काय? बाजारात आधीच बोक्यांचे राज्य असते. दात झिजलेली, पाय दुखणारी, दिवसाला वाडगाभर पाणी लागणारी मांजर तिथे आठवडाभरही टिकणे कठीण. शिवाय पाळलेला प्राणी उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत सोडून देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. मुलाला कायद्याचे सांगितले तेव्हा तो ओशाळला. तो निष्ठुर नव्हता. तो थकला होता आणि दुसरा रस्ता त्याला कोणी दाखवला नव्हता.

पशुवैद्यांनी रक्त तपासायला घेतले आणि घरच्यांना एक काम दिले. मनीला एका रात्रीपुरते स्वयंपाकघरात बंद ठेवा, बसका ट्रे द्या, किती वेळा आणि किती करते ते पाहा. त्याप्रमाणे तिला रात्री दहाला आत ठेवून दाराला कडी लावली.

पहाटे साडेपाचला पाणी आले म्हणून सूनबाई उठल्या. मनी स्वयंपाकघरात झोपलेली होती, ट्रेमध्ये तिने नीट केले होते. आणि आजोबांची गादी ओली होती.

सूनबाईंनी मला जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देते. "मी काही बोलले नाही. चादर बदलली, त्यांना कोरडा लेंगा दिला, ते भिंतीकडे तोंड करून राहिले. मग मी स्वयंपाकघरात आले तर आई जाग्याच होत्या. त्या म्हणाल्या, 'तुला कळलं ना? मला चार महिने माहीत आहे.'"

चार महिने. आजींनी मनीची बाजू इतक्या हट्टाने का धरली होती, ते त्या पहाटे सूनबाईंना समजले. न्हाणीघरापाशी आणि कपड्यांवर करणारी मनीच होती, यात शंका नाही. पण गादी बहुतेक वेळा तिने भिजवलेली नव्हती. तिच्यावर आळ येत होता आणि आजोबा तो येऊ देत होते. घरात मांजरीबद्दल काय बोलले जाते ते वर्तमानपत्राआडून ते ऐकत होते. 'आता पुरे झालं', 'किती दिवस करायचं', 'तिचं वय झालं', 'घराला वास येतो'. यातील प्रत्येक वाक्य त्यांना कोणाबद्दल ऐकू येत असेल?

ज्येष्ठांपैकी ज्यांना हा त्रास आहे त्यांना मी काही वेगळे सांगायला नको. लघवी नकळत होणे हा वृद्धापकाळातला अगदी सर्रास आढळणारा त्रास आहे आणि तरी डॉक्टरांसमोरसुद्धा तो सांगितला जात नाही. गुडघे दुखतात, साखर वाढली, झोप येत नाही, हे सगळे सांगून होते. हे मात्र राहते. आपण संध्याकाळचे पाणी तोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो, गडद रंगाचे कपडे घालतो, चादर गुपचूप पंख्याखाली वाळवतो. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होते, आणि फुगलेले आतडे मूत्राशयावर दाब आणून त्रास अधिकच करते.

आजोबांना तपासले तेव्हा कारण एक नव्हते, तीन होते. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती. पायांच्या सुजेसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी सकाळी विसरली जाई म्हणून ते ती रात्री घेत होते. आणि गुडघ्यांमुळे पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत पोहोचायला त्यांना जो वेळ लागे तेवढा वेळ मूत्राशय देत नव्हते. मनीची कारणे आठवून पाहा. अधिक लघवी, दुखणारे सांधे, लांब आणि अवघड जागा. दोघांच्या बाबतीत घरात निदान एकच झाले होते, 'वय झालं'. हे शब्द निदानासारखे वाटतात आणि तपासणी मात्र तिथेच थांबवतात. प्रोस्टेट, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठ, औषधाची चुकलेली वेळ, सांधे, अंधार, मेंदूचे विकार, यांतील बऱ्याच गोष्टींवर काही ना काही करता येते. लघवीत रक्त, एकाएकी लघवी अडणे, तापासह जळजळ, किंवा अचानक आलेली भ्रमिष्टता असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

आपण काळजी घेणारे असाल तर हा विषय कसा काढायचा, हे अधिक महत्त्वाचे. चारचौघांत कधीही नको. 'तुम्ही गादी ओली करता' या वाक्याने तर नकोच, आणि पहिल्याच दिवशी डायपर आणून समोर ठेवणे सर्वांत वाईट. "रात्री किती वेळा उठावं लागतं? वेळेवर पोहोचता येतं का?" एवढे विचारावे. विठ्ठलवाडीच्या घरात हे काम आजींनी केले. मुलाने डॉक्टरांची वेळ घेतली आणि बरोबर जाऊन बाहेर बसला. सूनबाईंनी त्या पहाटेबद्दल आजोबांजवळ आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.

उपाय मोठे नव्हते. गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळची करून दिली (ती आपल्या मनाने बदलू नये). प्रोस्टेटसाठी औषध सुरू झाले. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि लघवीचे भांडे आले, भिंतीवर छोटा रात्रीचा दिवा, गादीवर लहान बाळासाठी वापरतात तसे मेणकापड आणि त्यावर सुती चादर. चालणे जमत नसेल तर जागा जवळ आणायची, हे तत्त्व मांजरीलाही तसेच लागू पडले. एका मांजरीला दोन ट्रे असावेत, तसे दोन झाले, एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उंबरठ्याच्या अलीकडे आणि एक आजोबांच्या खोलीच्या दाराशी. मोठ्या पसरट डब्याची एक बाजू नातवाने कापून दोन बोटे उंचीची केली आणि कड घासून गुळगुळीत केली. आत वास नसलेली बारीक रेती. ट्रे मांजरीच्या लांबीच्या दीडपट तरी असावा. दिवसातून दोनदा उपसावा.

पुसण्याबाबत एक सूचना अगदी काळजीपूर्वक वाचावी. मांजरीच्या घरात फिनेल वापरू नये. फिनॉलयुक्त द्रव मांजरीचे यकृत निकामी करू शकते. फरशीवरचे तिच्या पायाला लागते आणि पाय ती चाटते. डांबराच्या गोळ्याही नकोत. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, मग एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने पुसून साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. वास पूर्ण गेला नाही तर मांजर त्याच जागी परत येते. फरशी लगेच कोरडी करावी, कारण ओल्या फरशीवर घसरून मोडलेले खुब्याचे हाड हे या वयात मांजरीपेक्षा फार मोठे संकट आहे.

दुसरी सूचना औषधाची. मांजरीला ताप किंवा दुखणे वाटले म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते. काही औषधे दोघांना चालतात, हे खरे. मनीचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि तिला अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले, तेच जे आजोबा घेतात. आजोबांना याचे फार हसू आले. पण मात्रा पशुवैद्यच ठरवतात, आणि दोघांच्या डब्या वेगळ्या कपाटात आहेत.

ज्यांच्या घरी गर्भवती सून किंवा मुलगी आहे, किंवा कर्करोगाचे वा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणारे कोणी आहे, त्यांना टॉक्सोप्लाझ्माची भीती वाटते. ती निराधार नाही. पण मांजरीच्या विष्ठेतील ते बीज बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेते. म्हणून ट्रे रोजच्या रोज, घरातील दुसऱ्या निरोगी व्यक्तीने, हातमोजे घालून साफ करावा, मांजरीला कच्चे मांस देऊ नये आणि भाज्या नीट धुवाव्यात.

पुण्याच्या मुलीने सुचवलेल्या इंजेक्शनबद्दलही लिहिले पाहिजे. ती सूचना पाप नव्हे. मांजर खात नाही, उठत नाही, वेदना आवरत नाहीत आणि उपायांचा उपयोग उरलेला नाही, अशा वेळी पशुवैद्यांच्या सल्ल्याने तिला शांतपणे जाऊ देणे ही दयाच असते, आणि तो दिवस मनीच्याही वाट्याला येईल. फक्त, ती घर ओले करते म्हणून तो आज आणायचा नाही. हा फरक मुलीला फोनवर समजावणे आजींना जड गेले. शेवटी मुलगी दोन दिवस येऊन राहिली, एका पहाटे तिनेच ट्रे उपसला, आणि मग तो विषय पुन्हा निघाला नाही.

मनीच्या मूत्रपिंडांचा विकार बरा होणारा नाही. तिचे खाणे बदलले आहे, आठवड्यातून दोनदा नातू तिच्या कातडीखाली सलाइन देतो, तंत्र त्याला पशुवैद्यांनी शिकवले. ती अजूनही मधूनच पायपुसण्यावर करते. आजोबांच्याही काही रात्री कोरड्या जात नाहीत, पण आता ते सकाळी स्वतः सांगतात. खर्चावरून कुरकुर आहे. मुलाला तो जास्त वाटतो आणि त्यात त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे कामाचा कागद लावला आहे. सकाळचा ट्रे नातवाचा, रात्रीचा आजींचा. त्यांना वाकावे लागू नये म्हणून तो स्टुलावर ठेवून त्या उपसतात. चादरींचे काम आता मुलाकडे आहे आणि पहाटेचे पाणीही तोच भरतो. सूनबाईंच्या नावापुढे सोमवार ते शनिवार काहीच लिहिलेले नाही. आजोबांनी स्वतःसाठी मनीचे पाणी बदलण्याचे काम मागून घेतले आहे. ती किती प्यायली हे ते वाडग्यावरच्या खुणेवरून पाहतात आणि जुन्या डायरीत तारखेसह लिहून ठेवतात, शेजारच्या रकान्यात स्वतः रात्री किती वेळा उठले तो आकडा.